बेंड डिडक्शनचा अंदाज कसा काढता? चार बेंडांत जवळजवळ अडीच मिमी वाढतंय

ड्रॉइंगवाला:

नमस्कार मंडळी. मी डिझाईनला आहे, पत्र्याचे बॉक्स, ट्रे, पॅनेल असली ड्रॉइंग करतो. मशीनवर स्वतः कधी उभा राहिलेलो नाही, त्यामुळे प्रश्न कच्चा वाटला तर सांभाळून घ्या.

जॉब असा आहे. २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड साधं स्टील) पत्रा, ट्रेसारखा सेक्शन, तळ २०० मिमी, दोन्ही बाजूंना ४० च्या भिंती आणि भिंतींच्या वर आत वळलेल्या १५-१५ च्या लिप. मापं सगळी बाहेरून बाहेर. म्हणजे १५ + ४० + २०० + ४० + १५, बेरीज ३१०, बेंड चार, चारही ९० अंशाचे. कॅडमध्ये आतला रेडियस १ मिमी टाकला कारण पंचाची (वरून दाबणाऱ्या टूलची) टीप १ ची आहे असं मला सांगितलं होतं, आणि के-फॅक्टर, म्हणजे वाकताना न ताणली न दबली जाणारी रेषा (न्यूट्रल लाईन) आतून जाडीच्या कितव्या हिश्शावर असते तो आकडा, ०.४२ ठेवला. त्याने एका बेंडला ३.११ वजा केले (हेच बेंड डिडक्शन), चारांचे १२.४४, ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट पत्रा, आला २९७.५६. लेझरवर कापून आल्यावर मी स्वतः मोजला, बरोबर होता.

बेंड होऊन आला तेव्हा लिप १५, भिंती ४०, अगदी नेमक्या, आणि तळ मात्र २०२.४. झाकण बसेना. सहा पीस असेच झाले, सहाही तेवढेच. ऑपरेटर म्हणतो ड्रॉइंग चुकलंय. मी म्हणतोय चार मापं बरोबर आली आणि एकच चुकलं तर ते बेंडिंगला चुकलं असणार. दोन दिवस हाच वाद चालू आहे आणि पुढचे चाळीस ब्लँक कापायचे थांबलेत.

के-फॅक्टर नक्की किती धरू? नेटवर ०.३३ पासून ०.५ पर्यंत सगळे आकडे मिळतात आणि प्रत्येक जण आपलाच बरोबर म्हणतो.

बॅकगेज:

दादा, तुमच्या ऑपरेटरने चूक केलेली नाही, उलट माणूस सांभाळून काम करणारा दिसतोय. काय झालं असेल ते सांगतो, मी रोज तेच करतो.

पहिला बेंड लिपचा. तुमच्या फ्लॅट पॅटर्नमध्ये बेंड लाईन कडेपासून १५ वजा अर्धं डिडक्शन, म्हणजे साधारण १३.४५ वर असणार. त्याने बॅकगेज (पत्र्याची कड टेकवायचा मागचा थांबा) तिथे लावला, दाबलं, मोजलं तर लिप १५.३ च्या आसपास आली असणार. मग त्याने गेज ०.३ आत घेतला आणि लिप १५ वर आणली. भिंतीचंही तसंच, गेज थोडा आत घेतला, ४० करून टाकलं. दोन्ही बाजूंनी हे झालं. आता पत्रा कुठे गायब तर होत नाही, ब्लँकमध्ये जेवढा जास्तीचा होता तेवढा सगळा ज्या मापाला गेज लागत नाही तिथे जाऊन बसतो, म्हणजे तळात. चार बेंडांची चूक तळात एकत्र साठलीय म्हणून ती तळाची वाटतेय एवढंच.

म्हणजे ब्लँक मोठा कापला गेलाय. एका बेंडला अंदाजे ०.६ कमी वजा झाले. आता हे सांगा, खाली डाय कुठली लावली होती? व्ही, म्हणजे डायच्या खाचेची रुंदी, किती?

ड्रॉइंगवाला:

आत्ताच खाली जाऊन विचारून आलो. व्ही १६. पंच १ चाच आहे, ते बरोबर होतं. पण रेडियस पंचाचाच येणार ना? डायचा काय संबंध, ती तर खाली नुसता आधार देते असं मला वाटत होतं.

बॅकगेज:

इथेच गाडी अडलीय तुमची. एअर बेंडिंगमध्ये पंच पत्र्याला डायच्या तळापर्यंत नेतच नाही. पत्रा व्हीच्या दोन खांद्यांवर टेकलेला असतो आणि मधून पंच ढकलतो, त्यामुळे तो दोन खांद्यांच्या अंतराप्रमाणे आपापली गोलाई घेतो. साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला), सीआरसीएला ती व्हीच्या साधारण १६ टक्के येते. व्ही १६ ला २.५ ते २.६. पंच १ चा लावा नाहीतर दीडचा, आतला रेडियस तेवढाच राहील. हां, पंच त्या गोलाईपेक्षा मोठा असेल, समजा ४ चा, तर मग पंचाचा रेडियस येईल. आणि डायच्या तळाला दाबून बॉटमिंग किंवा कॉइनिंग करत असाल तर पंचाचा छाप पडतो, पण त्याला टनेज कितीतरी पट लागतं आणि आजकाल सीएनसी प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) बहुतेक सगळं एअर बेंडिंगच चालतं.

बघायचं असेल तर वेगळं काही लागत नाही. एक पीस घ्या आणि बेंडच्या आत ड्रिलची मागची गुळगुळीत शँक ठेवून उजेडाकडे धरा. २ मिमीचं ड्रिल ठेवलंत तर ते कोपऱ्यात लुडबुडेल, पाचचं ठेवलंत तर अंगाला अंग लावून बसेल. ते दिसलं की १ मिमी रेडियसवर तुमचा विश्वास राहणार नाही.

फ्लॅटपॅटर्न:

मी पण डिझाईनलाच आहे, पंधरा वर्षं, आणि सुरुवातीला हीच चूक मी दोन वर्षं करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

९० अंशाला गणित सोपं आहे. सेटबॅक म्हणजे रेडियस अधिक जाडी. बेंड अलाउन्स म्हणजे १.५७ गुणिले (रेडियस + के × जाडी). आणि डिडक्शन म्हणजे दोन सेटबॅकमधून बेंड अलाउन्स वजा. तुम्ही रेडियस १ टाकलात, दोन सेटबॅक ६, अलाउन्स २.८९, डिडक्शन ३.११. आता त्याच ठिकाणी रेडियस २.६ टाका, दोन सेटबॅक ९.२, अलाउन्स ५.४०, डिडक्शन ३.८०. के-फॅक्टरला हातसुद्धा लावला नाही आणि एका बेंडला ०.६९ चा फरक निघाला.

यात कशाचं वजन किती ते एकदा समजून घ्या, मग कुठल्या आकड्यामागे धावायचं ते कळतं. २ मिमी पत्रा, काटकोनी बेंड. के ०.०२ ने हलला तर डिडक्शन फक्त ०.०६ ने हलतं. रेडियस १ मिमीने चुकला तर ०.४३. आणि जाडी ०.१ ने चुकली तर ०.१३, हे फार कमी लोक बघतात. आपण ज्या के वर दोन-दोन तास वाद घालतो तो या तिघांत सगळ्यात निरुपद्रवी आहे, निदान ०.४ ते ०.४५ च्या दरम्यान असेल तोवर.

आता तुमच्या केसमध्ये मला एक गोष्ट खटकतेय. माझ्या ३.८० प्रमाणे तळ २०२.७६ यायला हवा होता, तुमचा आलाय २०२.४. म्हणजे खरं डिडक्शन ३.७ च्या जवळ असणार. एका बेंडला ०.०९ चा फरक. मला वाटतं पत्रा पूर्ण २ मिमीचा नाही. मायक्रोमीटर लावून बघा, व्हर्निअरने नको, कडेची बर (कापताना राहिलेली धार) मोजली जाते. १.९३-१.९४ निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि पुस्तकातल्या आकड्यांवर किती टेकायचं ते पण बघा. जर्मन मानक डीआयएन ६९३५ मध्ये रेडियस आणि जाडीच्या गुणोत्तरावरून के काढायचं सूत्र आहे, ते या बेंडला साधारण ०.३५ देतं, त्याने डिडक्शन येतं ४.०. मी ०.४२ धरून ३.८ म्हणतेय. दोन्ही लोक वर्षानुवर्षं वापरतात, आणि तुमच्या चार बेंडांच्या ट्रेमध्ये त्यांच्यात ०.८ मिमीचं अंतर पडतं. म्हणून सूत्र अंदाजाला ठीक, चाळीस ब्लँक कापायला नाही.

जुना_हात:

ताईंनी बरोबर सांगितलं. मी सूत्रातला माणूस नाही, ब्रेकवर तीस वर्षं काढली, त्यातली पहिली बारा कॅडशिवाय.

आम्ही डिडक्शन वगैरे म्हणत नव्हतो. आतली मापं घ्यायचो. बाहेरून ४० असेल तर एका बाजूला बेंड असल्यावर आतून ३८, दोन्ही बाजूंना बेंड असल्यावर ३६. सगळी आतली मापं मिळवायची आणि दर बेंडला जाडीचा दहावा हिस्सा वर घालायचा, झाला ब्लँक. तुमचा ट्रे घ्या, लिप आतून १३, भिंत ३६, तळ १९६, भिंत ३६, लिप १३. बेरीज २९४. चार बेंडांचे ०.८. ब्लँक २९४.८. ताईंच्या ३.८० ने पण तेवढाच येतो बघा, ३१० वजा १५.२. कागदावर पाच मिनिटांत होतं आणि कॅडचा आकडा समोर आला की लगेच कळतं तो जागेवर आहे की भलतीकडे. तुमचा २९७.५६ पाहिला असता तर मी कापूच दिला नसता.

पण हा हिशोब व्ही जाडीच्या आठपट असेल तरच. आम्ही पातळ पत्र्याला आठपटच लावायचो म्हणून तो आमच्या हातात बसला. व्ही सहापट लावली तर डिडक्शन जाडीच्या पावणेदोनपट होतं, आठपटीला १.९, दहापटीला दुप्पट, बारापटीला २.१५ च्या वर. साध्या पत्र्याचं सांगतोय, ९० अंशाचं. एवढं डोक्यात ठेवलं तर टेबल नसताना काम निघतं.

खरं काम मात्र पट्टीच करते. त्याच पत्र्यातून, शक्यतो त्याच शीटमधून, १०० लांब आणि निदान ५० रुंद अशा तीन पट्ट्या कापा. रोलिंगच्या दिशेची खूण करा, म्हणजे शीट रोल झालेली दिशा, जॉबचा बेंड त्या दिशेला आडवा असेल तर पट्टीचाही आडवाच हवा. कडा घासून बर काढा. आणि बेंड करायच्या आधी लांबी मोजून पट्टीवरच लिहा. प्रोग्रॅममध्ये १०० आहे म्हणून १०० धरू नका, लेझरची पट्टी ९९.९५ पण निघते आणि १००.०५ पण. मग मध्यावर दाबा. पहिली पट्टी कोन जुळवण्यात घालवा, कारण कोन ९० नसेल तर माप खोटं येतं, एका अंशाला ०.१ चा फरक पडतो. गुण्या लावून उजेड बघा, बेव्हेल प्रोट्रॅक्टर असेल तर उत्तम.

मोजताना लोक व्हर्निअर तिरका धरतात आणि मग पट्टीपट्टीत फरक येतो म्हणून ओरडतात. सरफेस प्लेटवर एक काटकोनी ठोकळा ठेवा, पट्टीचा एक पाय प्लेटवर आडवा, दुसरा पाय ठोकळ्याला टेकून उभा, आणि हाईट गेजने उभ्या पायाचं टोक घ्या. मग पट्टी उलटवून दुसरा पाय. दोन्हींची बेरीज करा, त्यातून आधी लिहून ठेवलेली लांबी वजा करा. जे उरलं ते तुमचं डिडक्शन, त्या पत्र्याचं, त्या डायवरचं. पट्टी नेमकी मध्यावर दाबली गेली नाही तरी चालतं, एक पाय ५२ आणि दुसरा ५१.७ आला तरी बेरीज तीच राहते.

कटिंग_टीम:

एवढं सगळं कशाला करायचं, मी सांगतो सोपं. कॅडमध्ये रेडियस १ तसाच ठेवा आणि के ०.२३ करा. डिडक्शन ३.७ येईल, तुमचा तळ २०० वर येईल, विषय संपला. आम्ही तसंच करतो, के हा शेवटी जुळवून घ्यायचाच आकडा आहे.

फ्लॅटपॅटर्न:

दादा, मनापासून सांगते, हे करू नका, आणि नवीन माणसाला तर सांगूच नका. ०.२३ ने या ट्रेचं माप बसेल, मान्य. पण न्यूट्रल लाईन जाडीच्या २३ टक्क्यांवर बसलेली एअर बेंडिंगमध्ये मी तरी कधी पाहिली नाही, तो आकडा पत्र्याचा नाही, तो चुकीच्या रेडियसची भरपाई आहे. आणि भरपाई फक्त ९० अंशालाच बसते.

४५ अंशाचा बेंड घ्या, म्हणजे सपाट पत्रा ४५ ने वळवला, दोन भिंतींमधला कोन १३५. खरा रेडियस २.६ आणि ३.७ ला जुळणारा के ०.४५ धरला तर डिडक्शन येतं १.०६. तुमच्या १ आणि ०.२३ ने येतं १.३४. एका बेंडला ०.२८ चा फरक, आणि कारण कुणालाच सापडणार नाही कारण ९० चे सगळे बेंड तर बरोबर येतायत. गंमत बघा, ४५ ला रेडियसची चूक जवळपास विरून जाते, १ मिमी चुकला तरी ०.०४ च. तिथे के बोलतो. म्हणजे जिथे के महत्त्वाचा तिथेच आपण तो बिघडवून ठेवलेला असतो.

दुसरं म्हणजे मॉडेल पण खोटं होतं. आत १ चा रेडियस दिसतोय म्हणून कोणीतरी आत ब्रॅकेट अगदी कोपऱ्यात बसवतो, प्रत्यक्षात तिथे २.६ ची गोलाई असते आणि ब्रॅकेट चढतं. हे माझ्या बाबतीत झालंय, पूर्ण लॉटच्या ब्रॅकेटचे कोपरे हाताने घासावे लागले होते.

कटिंग_टीम:

४५ चं मी कधी तपासून पाहिलं नव्हतं खरंच. आमच्याकडे बहुतेक सगळं ९० चंच असतं त्यामुळे कधी जाणवलं नाही. उद्या आकडे टाकून बघतो.

ड्रॉइंगवाला:

अपडेट देतो. काल दुपारी ऑपरेटर दादांबरोबर खाली उभा राहून पट्ट्या केल्या.

आधी मायक्रोमीटर. पाच ठिकाणी लावला, १.९४, १.९४, १.९३, १.९४, १.९४. फ्लॅटपॅटर्न ताई, तुम्ही पत्रा न बघता सांगितलं होतंत, मी थक्क झालो.

एक पट्टी कोनात गेली. पहिला दाब ९१ च्या वर आला, मग दादांनी खोली थोडी वाढवली, मग गुण्याला उजेड दिसेना. उरलेल्या दोन आणि अजून एक कापली, अशा तीन मोजल्या. लांबी १००.०४, बेरीज १०३.७४, डिडक्शन ३.७०. दुसरी १००.०३ ची १०३.७२, म्हणजे ३.६९. तिसरी १००.०५ ची १०३.७७, ३.७२. ३.७० धरलं. चार बेंडांचे १४.८, ब्लँक २९५.२. एकच कापून घेतला. बॅकगेज लिपला १३.१५ आणि भिंतीला ३८.१५ लावला, म्हणजे मापातून अर्धं डिडक्शन वजा, आणि यावेळी दादांना गेज हलवावा लागलाच नाही. लिप १५, भिंत ४०, तळ २००.१. झाकण हाताने ठेवलं आणि खाली गेलं.

ड्रिलची शँक पण लावून बघितली. पाचचं बसलं. इतकी वर्षं मी १ मिमी काढत होतो कोपऱ्यात.

दादांशी बोलताना अजून एक कळलं ते मला जास्त लागलं. ते म्हणाले साहेब, प्रत्येक नवीन जॉबला मी गेज हलवून भिंती जुळवतो आणि उरलेलं माप कुठेतरी ढकलतो, जिथे झाकण बसायचं नसतं तिथे कुणाला कळत नाही. म्हणजे माझी बरीच ड्रॉइंग चुकीची होती आणि हा माणूस ती गुपचूप सांभाळून घेत होता. मला कोणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आता दोन शंका. हाच ट्रे एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ मध्ये पण करायचाय, २ मिमीच, तर ३.७ चालेल का? आणि ड्रॉइंगवर डिडक्शन लिहायचं की काय लिहायचं?

बॅकगेज:

तळ २००.१, मस्त. एसएसला ३.७ अजिबात चालवू नका. ३०४ त्याच व्हीत मोठी गोलाई घेतं, व्हीच्या २० ते २२ टक्के. व्ही १६ ला ३.३-३.४ रेडियस. डिडक्शन ४.१ च्या आसपास जाईल. स्प्रिंगबॅक पण जास्त, सीआरसीए अर्धा-एक अंश मागे येतो तर एसएस दोन-तीन अंश, त्यामुळे पंच ९० चा असेल तर कोन मिळणारच नाही, ८८ किंवा ८५ चा बघा. आणि एसएसवर प्लास्टिक फिल्म असते, मायक्रोमीटर लावताना ती काढा, नाहीतर जाडीत धरली जाते. ॲल्युमिनियम उलट वागतं, ५०५२ सारखं असेल तर १३ ते १५ टक्के, म्हणजे रेडियस लहान आणि डिडक्शन जाडीच्या १.८ पटीच्या जवळ. पण हे सगळं ब्लँकचा अंदाज बांधण्यापुरतं. एसएसची पट्टी वेगळी दाबा.

अजून एक, त्या १५ च्या लिपवर लक्ष ठेवा. व्ही १६ ला कमीत कमी फ्लँज साधारण ११-१२ लागतो, त्याखाली पत्र्याची कड व्हीच्या खांद्यावरून आत घसरते. उद्या कोणी लिप १० ची मागितली तर डाय बदलावी लागेल, डाय बदलली की रेडियस बदलला, रेडियस बदलला की ब्लँक बदलला. डिझाईनला हे आधी कळलं पाहिजे, कापून झाल्यावर नाही.

फ्लॅटपॅटर्न:

ड्रॉइंगवर काय लिहायचं त्याबद्दल. मी नुसतं डिडक्शन लिहीत नाही. फ्लॅट पॅटर्नच्या खाली एक ओळ टाकते, "व्ही १६, आतला रेडियस २.६, डिडक्शन ३.७०, मोजलेली जाडी १.९४". यात सगळ्यात महत्त्वाची व्ही. ऑपरेटरकडे त्या दिवशी १६ ची डाय दुसऱ्या जॉबवर अडकलेली असेल आणि त्याने १२ ची लावली तर रेडियस २ च्या खाली येतो, डिडक्शन साधारण ०.३ ने कमी होतं, चार बेंडांत सव्वा मिमी, यावेळी ट्रे मोठा नाही, लहान होईल, आणि परत तुमच्यात भांडण. ओळ लिहिलेली असेल तर तो डाय बदलायच्या आधी फोन करतो. आमच्याकडे तरी करतो.

कॅडमध्ये जमत असेल तर बेंड टेबल बनवा, पत्रा, जाडी आणि व्ही अशा तीन गोष्टींवर. सुरुवात या एका आकड्याने करा. मी पहिल्या वर्षी फक्त सात ओळी भरल्या होत्या आणि रोजचं बहुतेक काम त्या सातांत भागत होतं. सॉफ्टवेअर वाय-फॅक्टर मागत असेल तर के ला १.५७ ने गुणा, तो वेगळा आकडा आहे, तिथे के तसाच टाकून घोळ केलेले लोक मी पाहिलेत.

हँड_फोल्डर:

मध्येच विचारतो. माझ्याकडे प्रेस ब्रेक नाही, हाताचा फोल्डर आहे, वरून क्लॅम्प दाबायचा आणि पुढचं पान उचलायचं. व्हीच नाही मग टक्के कशाचे धरायचे?

जुना_हात:

फोल्डरला व्हीचा नियम सोडून द्या. तिथे गोलाई क्लॅम्पच्या पट्टीच्या नाकावर आणि ती पट्टी बेंड लाईनपासून किती मागे सरकवलीय त्यावर ठरते. पट्टी पुढे असली की तीक्ष्ण, मागे घेतली की गोल. म्हणून पट्टी एकदा पत्र्याच्या जाडीप्रमाणे सेट केली की त्या जागेची खूण करा, आणि त्याच खुणेवर टेस्ट पट्टी वाकवा. बाकी मोजायची पद्धत तीच, बेरीज वजा लांबी. खूण हलली की आकडा गेला. आणि क्लॅम्प दोन्ही टोकांना सारखा दाबतोय का बघा, एका टोकाला ढिला असेल तर लांब जॉबला इकडे एक माप आणि तिकडे दुसरं येतं.

हँड_फोल्डर:

समजलं, खुणेचं कधी सुचलंच नव्हतं. दर वेळी अंदाजे सरकवत होतो.

कटिंग_टीम:

ताई, आकडे टाकून बघितले. तुमचं बरोबर आहे. आमचा एक जुना जॉब आहे, त्यात दोन बेंड ४५ चे आहेत आणि तो कायम अर्धा मिमी छोटा यायचा, आम्ही लेझरवर ब्लँक ०.५ वाढवून चालवत होतो. ०.२८ दुणे ०.५६. ज्या फाईलमध्ये ०.२३ आहे त्या सगळ्या शोधायला बसलोय आता.

ड्रॉइंगवाला:

चाळीस ब्लँक २९५.२ ने कापायला सोडले. दादांनी तीनही पट्ट्यांवर मार्करने पत्रा, व्ही आणि ३.७० लिहिलं आणि भोक पाडून ब्रेकच्या शेजारच्या खिळ्याला अडकवल्या. एसएसची शीट गुरुवारी येतेय, तिच्या कोपऱ्यातून पहिल्या तीन पट्ट्या काढायच्या असं लेझरवाल्यांना आजच सांगून ठेवलंय. आकडा आला की इथे टाकतो.

बॅकगेज:

टाका नक्की. आणि एसएसला रोलिंगची दिशा शीटवरच मार्करने ओढून ठेवा, कापल्यावर छोट्या पट्टीवर ती ओळखू येत नाही.